४ गुंठ्यांत जॅम-चटणीसाठी काय लावावं आणि काय विकतच आणावं?

ओढ्याकाठी

भोरजवळ ४ गुंठे मोकळी जागा आहे, साधारण २० मीटर बाय २० मीटर. जमीन मुरमाड, वर फूटभर तांबूस माती. विहिरीला फेब्रुवारीअखेरपर्यंत पाणी असतं, त्यानंतर पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन-तीन पिंपं एवढाच भरवसा. कुंपण नाही, शेळ्या फिरतात.

झाडं फक्त घरच्या जॅम आणि चटण्यांसाठी हवी आहेत, विक्री करायची नाही. वर्षाला ३०० ग्रॅमच्या ४०-५० बरण्या झाल्या की पुष्कळ. डोक्यात यादी मोठी आहे: करवंद, पेरू, आवळा, अंजीर, कवठ, सीताफळ, कैरीसाठी आंबा, जमलं तर स्ट्रॉबेरीसुद्धा. यातलं काय लावण्यात अर्थ आहे आणि काय हंगामात विकत आणलेलं बरं? आणायचं तर कुठून, केव्हा, कसं बघून?

जोडीला एक तक्रार. करवंदाचा जॅम रंगाला सुरेख होतो, पण बरणी तिरकी केली की वाहतो. पेरूचा मात्र वडीसारखा कापावा लागतो. दोन्हीला साखर सारखीच, किलो गराला किलो. बाजारचं पेक्टिन (फळातला जॅम घट्ट करणारा घटक) वापरायचं नाहीये.

मुरमाड

आधी हिशोब करा, म्हणजे यादी आपोआप छोटी होईल. ५० बरण्या म्हणजे १५ किलो जॅम. किलोभर गरात पाऊण-एक किलो साखर घातली की साधारण १.३ किलो जॅम उतरतो. म्हणजे वर्षभराची सगळी गरज ११-१२ किलो गराची. जोमदार पेरूची दोन झाडंच एवढा माल देतात. ४ गुंठे तुमच्या कामाला जास्तच आहेत, तेव्हा 'काय काय बसेल' हा विचार सोडा आणि 'फेब्रुवारीनंतर पाण्यावाचून काय तगेल' एवढंच बघा.

कुंपण करवंदाचंच करा. चारी बाजू मिळून ८० मीटर, फाटकाचे ३ सोडले तर पाऊण मीटरवर एक याप्रमाणे शंभरेक रोपं लागतील. रोपं विकत घ्यायची गरज नाही. मे महिन्यात पूर्ण काळी झालेली करवंदं आणा, गर धुऊन बिया वेगळ्या करा आणि लगेच पिशव्यांत लावा. करवंदाचं बी ठेवलं की उगवण झपाट्याने कमी होते, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेलं बी वाया जातं. रोपं वर्षभर पिशवीतच वाढवून पुढच्या जूनमध्ये दीड फुटाच्या खड्ड्यात लावा, खड्ड्याला घमेलंभर शेणखत. फळ तिसऱ्या वर्षापासून दिसायला लागतं. मोठं, गरदार फळ हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण बोल्ड' आहे, त्याची दहा-पंधरा रोपं फाटकाजवळ लावा, बाकी सगळी रानटीच असू देत. चवीला रानटी उजवं.

कोवळ्या रोपांना शेळी तोंड लावते. पहिली दोन वर्षं बाहेरून बोरीबाभळीच्या काट्यांची झाप टाकायची. पुढे काटे जून झाले की शेळी वाटेला जात नाही.

कुंपणाच्या करवंदीला फळ धरत नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण बहुतेक वेळा कात्री असते. करवंदीला फुलांचे घोस फांदीच्या टोकाला येतात. दिवाळीनंतर कुंपण सारखं दिसावं म्हणून छाटलं की ती टोकंच जातात. छाटणी फळं उतरल्याबरोबर, जून-जुलैत करायची. त्यानंतर थेट पुढच्या जूनपर्यंत हात लावायचा नाही.

पेरू तुमच्या पाण्यासाठीच जन्मलाय म्हणा ना. मृग बहर धरायचा: एप्रिल-मे झाड ताणावर (म्हणजे पाणी बंद), पहिल्या पावसाबरोबर नवी फूट आणि फुलं, फळ नोव्हेंबर ते जानेवारी. म्हणजे फळ पोसायच्या काळात विहिरीला पाणी आहे आणि पाणी संपतं तेव्हा झाडाला तसाही ताण द्यायचाच आहे. शिवाय आंबे बहराचं फळ पावसाळ्यात तयार होतं आणि त्यात फळमाशीच्या अळ्या निघतात, तो त्रास मृग बहरात बराच कमी. पहिले दोन उन्हाळे मात्र आठवड्याला झाडामागे १५ लिटर पाणी आणि बुंध्याभोवती पाचटाचं जाड आच्छादन, याला पर्याय नाही.

जात 'सरदार' घ्या. पुण्याच्या गणेशखिंडीतच निवडलेली जात, एल-४९ या नावानेही मिळते. पांढरा गर, आंबटगोड, जेलीला उत्तम. दुसरं झाड 'ललित'चं लावा, गर गुलाबी असल्याने जॅमला रंग येतो. लागवड ४ मीटरवर करून मे अखेरीस हलकी छाटणी केली तर झाड हाताच्या उंचीत राहतं. पेरूला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटणीने नुकसान होत नाही.

कागदी लिंबाचं एक झाड हवंच, 'फुले शरबती' चालेल. जॅम करणाऱ्याच्या घरी लिंबू बारा महिने लागतं.

आवळा लावू नका. एका जातीचं एकटं झाड नीट धरत नाही, एनए-७ बरोबर कृष्णा किंवा कांचन असं दुसऱ्या जातीचं झाड लावावं लागतं. दोन मोठी झाडं वाढवायची आणि आवळा तर डिसेंबरात बाजारात ढिगाने असतो. बियाचं कवठ फळाला यायला दहा-पंधरा वर्षं घेतं, तेही सोडा. स्ट्रॉबेरीला रोज ठिबकचं पाणी आणि थंड हवा लागते, तिचा हट्ट नको.

पाटीवाली_पिशवी

मुरमाड यांच्याशी सहमत. आणायच्या फळांबद्दल लिहिते.

स्ट्रॉबेरी. भोरहून मांढरदेवीचा घाट उतरून वाई आणि पसरणी घाट चढून पाचगणी, तुम्हाला तर जवळच आहे. डिसेंबरात जाऊ नका, तेव्हा मोठं फळ पर्यटकांसाठी डब्यात भरलं जातं आणि भावही तसाच. मार्चमध्ये ऊन वाढलं की फळ बारीक पडतं, एकदम तयार होतं आणि शेतकरी ते 'प्रोसेसिंगचा माल' म्हणून वेगळं काढतात. जॅमला बारीक फळच चांगलं, पाणी कमी आणि वास जास्त. सकाळी तोडलेलं मागा. देठाजवळ पांढरी कडा असलेली थोडी फळं मुद्दाम घ्या. क्रेटमध्ये दोनपेक्षा जास्त थर नकोत, घरी येईस्तोवर खालच्या थराचा रस होतो. धुताना हिरवी टोपी तशीच ठेवायची, धुऊन निथळल्यावर काढायची. आधी काढली तर फळ आतून पाणी पितं आणि तेवढंच पाणी मग चुलीवर आटवत बसावं लागतं.

अंजीर. कापूरहोळहून नारायणपूरमार्गे सासवड. पुरंदरच्या अंजिराला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. खट्टा बहर आणि मीठा बहर असे दोन हंगाम, जॅमला उन्हाळ्यातला मीठा बहर घ्यायचा. पूर्ण पिकून फुटलेलं फळ स्वस्त देतात, पण त्यात तोंडाशी आंबलेला वास येत असेल तर मोह नको. अंजिरात आंबटपणा जवळजवळ नसतोच, म्हणून किलोला ६० मिली लिंबाचा रस धराच. हा रस केवळ चवीसाठी नाही, बरणी टिकण्यासाठी आहे.

कवठ. थंडीपासून महाशिवरात्रीपर्यंत मंडईत. फूटभर उंचीवरून फरशीवर टाका: उडी मारली तर कच्चं, 'थप्' आवाज करून जागेवर बसलं तर पिकलं. गोड चटणीला पिकलेलं, जेलीला अर्धकच्चं. देठाशी बारीक भोक असेल तर आत कीड असते.

कैरी. बाठ धरलेली पण रेषा न सुटलेली हवी, म्हणजे साधारण एप्रिलचा दुसरा पंधरवडा. सुरीने बाठ अडायला लागली आणि कापलेल्या फोडीच्या कडेला धागे दिसत नाहीत, ती नेमकी वेळ. किसाला राजापुरी (मोठी, सोलायला सोपी), आंबटपणाला गावरान रायवळ. दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तर चटणी झकास. मार्केट यार्डात क्रेटशिवाय देत नाहीत, तेव्हा दोन-तीन घरांत मिळून घ्या.

करवंद. कुंपण फळाला येईपर्यंत घाटातल्या विक्रेत्या बायकांकडूनच घ्या, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर पाटीभर आणून देतात. 'निम्मी काळी, निम्मी लाल-हिरवी' असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर त्या बिचाऱ्या निवडून निवडून काळीभोर आणतात. स्वतः जंगलात शिरून पोतं भरणं टाळा. अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच तोडता येत नाही, आणि बाकी ठिकाणीही २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर (करवंदासारख्या रानमेव्यावर) तिथल्या वनहक्कधारकांचा हक्क आहे. त्यांची मे महिन्याची ती कमाई असते.

तळाला_लागलं

तुमच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच आहे, पेक्टिन. साखर सारखी घातली हीच चूक.

कच्च्या फळात पेक्टिन भरपूर, पिकत जातं तसं ते तुटत जातं. पूर्ण काळं, त्यातून पावसाचा शिडकावा खाल्लेलं करवंद म्हणजे रंग आणि पाणी. पेरूत मात्र पिकल्यावरही पुष्कळ उरतं. म्हणून कुठलाही जॅम करताना तीन भाग पिकलेलं, एक भाग जेमतेम तयार झालेलं फळ घ्यायचं. करवंदाला निम्मं-निम्मं.

अंदाजाने काम करण्यापेक्षा तपासून बघा. शिजवलेल्या फळाचा गाळलेला रस एक चमचा, पूर्ण गार करून काचेच्या पेल्यात घ्या, त्यात दोन चमचे स्पिरिट घाला, हलकेच फिरवा, मिनिटभर थांबा. एकसंध गोळा जमला तर पेक्टिन भरपूर: गराइतकी साखर. दोन-तीन सैल तुकडे झाले तर मध्यम: पाऊणपट साखर. नुसते कण तरंगले तर कमी: अर्धपट साखर, किंवा बाहेरून पेक्टिन. पेल्यातलं ते मिश्रण विषारी, ओतून द्या, चाखू नका.

बाजारचं पेक्टिन नको आहे ना, मग पेरूचंच काढून ठेवा. डिसेंबरात गडद हिरवा रंग उतरलेले पण अजून कडक असलेले पेरू किलोभर, पातळ चकत्या, बुडेल इतकंच पाणी, एका लिंबाचा रस, मंद आचेवर अर्धा तास. मग मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगायचं. पिळायचं नाही, पिळलं की गढूळ होतं. हा रस डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवला तर मार्चमधल्या स्ट्रॉबेरीला आणि उन्हाळ्यातल्या अंजिराला तयार. स्ट्रॉबेरी किलोला हा रस २५० मिली, साखर ७५० ग्रॅम, दोन लिंबं. पेरूचा वास जॅममध्ये जाणवत नाही.

आता करवंद. देठं काढून मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, चीक बराचसा सुटतो. नवं पाणी वाटीभर घालून झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं शिजवा. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. मिक्सर नको, बिया फुटून कडवटपणा येतो. पातेल्याच्या कडेला चिकाचं काळपट वलय बसतं, ते पाण्याने निघत नाही, तेलाच्या बोटाने पुसा. गर किलोभर असेल तर साखर ७५०-८००. लिंबू अजिबात नको. करवंद मुळातच आंबट, आणखी आंबट केलं तर आठवड्याभरात जॅमला पाणी सुटतं.

साखर फळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालायची, आधी घातली की सालं चिवट राहतात. ती विरघळेपर्यंत आच मंद, नंतर मोठी. एका वेळी दीड किलोच्या वर गर घेऊ नका आणि पातेलं पसरट घ्या. खोल पातेल्यात चार किलो ढवळत बसलात तर तासभर लागतो, तेवढ्यात पेक्टिन तुटतं, रंग तपकिरी होतो आणि मग 'अजून पातळच आहे' म्हणून आणखी शिजवलं जातं. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ आंबट फळाला चालत नाही.

पाककृतींत १०५ अंश लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. पुणे-भोर पट्ट्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, म्हणजे तुमचा जॅम १०३ ला तयार. १०५ पर्यंत नेलात तर पेरूची वडी होणारच! आपल्या थर्मामीटरने आपल्या घरचं उकळतं पाणी मोजा आणि त्यात ५ मिळवा, एवढं पुरतं. जोडीला फ्रीझरमधली बशी: थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला, सुरकुती पडली की गॅस बंद. बशी बघत असताना गॅस चालू ठेवायचा नाही.

बरण्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, ओव्हनमध्ये किंवा उन्हात खडखडीत कोरड्या. जॅम ८५ अंशांच्या वर असतानाच भरायचा, वर अर्धा सेंटीमीटर जागा. जुन्या बरण्या चालतात, झाकणं दरवेळी नवी. बुरशी येते ती बहुतेक ओल्या बरणीने किंवा साखर कमी करण्याच्या हौसेने. साखर अर्ध्यावर आणायची तर तो जॅम फ्रीजमधला, दोन-तीन आठवड्यांत संपवायचा.

आंबटओली

चटणीकडे कोणी बघतच नाहीये म्हणून लिहितेय.

सीताफळ यादीतून काढा. गर तापवला की कडवट होतो, जॅम-चटणी दोन्हीला निरुपयोगी. त्याचा गर फ्रीझ करून बासुंदीत घाला.

त्याऐवजी अंबाड्याचं झाड लावा, कोकण-गोव्यात असतं ते. शेवग्यासारखी मनगटाएवढी जाड फांदी मेअखेर रोवली की फुटते, पाण्याची फार मागणी नाही. कोवळं फळ चटणीला, जून झालं की आत रेषाळ बाठ होते आणि मग नुसतं रायत्यात चोखायला बरं.

टिकाऊ कैरीची चटणी: कीस १ किलो, गूळ ७५० ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम, लाल तिखट १५, भाजलेल्या जिऱ्याची पूड १०, सुंठ ५. कीस पिळू नका. आधी फक्त कीस आणि मीठ झाकून पाच मिनिटं वाफवा, मग गूळ. गूळ आधी अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, चांगल्या गुळातही वाळू निघते. पळीवरून सरकताना तळाचा भाग क्षणभर उघडा राहिला की उतरवा, गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते. तिखट शेवटी. आधी घातलं तर रंग काळवंडतो.

कांदा, लसूण, पपई, भोपळा असलं काही चटणीत जाणार असेल तर सावध. यांना स्वतःचा आंबटपणा नाही. सामू (pH) ४.६ च्या खाली नसेल तर बंद बरणीत बोट्युलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) धोका असतो, आणि तो वासावरून कळत नाही. ५ टक्के आम्लाचं व्हिनेगर वापरा, सामू मोजायच्या कागदी पट्टीने तो ४ च्या खाली आल्याची खात्री करा, नाहीतर सरळ फ्रीजमध्ये ठेवा.

ओढ्याकाठी

सर्वांचे मनापासून आभार. पेरूची वडी का होत होती ते कळलं, थर्मामीटर १०५ वरच बघितला जायचा. एक गोष्ट लिहायची राहिली: आमच्याकडे वानरं आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही येतात. कागदी पिशव्या बांधल्या तर पेरू वाचेल का?

मुरमाड

हे आधी सांगायचं हो! पिशवी फळमाशीसाठी. माकड ती उलगडून बघतं, आणि एका फळासाठी फांदी मोडतं. टोळीचा रोजचा रस्ता असेल तर पेरू घराच्या भिंतीलगत दोनच लावा, जिथे दिवसभर माणसांचा वावर आहे, आणि फळ रंग उतरायला लागल्याबरोबर कडक असतानाच काढा. तसंही जेलीला आणि वर सांगितलेल्या पेक्टिनच्या रसाला तेच लागतं. जॅमचे पिकलेले पेरू जानेवारीत विकत आणा.

लिंबाच्या वाटेला माकडं सहसा जात नाहीत. करवंदाची पिकलेली फळं वरवरची खातात, जाळीच्या आतली उरतात. कोवळा अंबाडाही खातात, पण झाड उंच वाढवलं नाही आणि फळ सप्टेंबरातच उतरवलं तर तुमच्या चटणीपुरतं मिळेल.

पाटीवाली_पिशवी

मग मधली जागा रिकामी राहतेय तर आंब्याचं एक रायवळ रोप लावून टाका. कैरीचा हंगाम पंधरा दिवसांचा, तेवढे दिवस राखण करणं जमतं. पण कलम नको, बाठेचंच लावा. हवा तसा आंबटपणा मिळायची शक्यता वाढवायची असेल तर ज्या झाडाची कैरी चाखून आवडली आहे त्याचीच बाठ जूनमध्ये आणा, आणि तीन-चार ठिकाणी लावून पुढे एक ठेवा. बाठेच्या झाडाची चव मूळ झाडासारखी येईलच असं नसतं.